रंगाऱ्याचं न पाहिलेलं पत्र

शब्दकोश कार्यालयातल्या तपासनिसांना लोक मागे शंकासुर म्हणत. तोंडावर म्हणत नसत, कारण तसं म्हटलं असतं तर हे नाव प्रथम कोणी, केव्हा आणि कोणासमोर वापरलं याची चौकशी सुरू झाली असती. ती त्यांनी गुपचूप केलीही होती. त्यांचा संशय शेजारच्या टेबलावरच्या सहसंपादकांवर होता. हे गृहस्थ दर तीन शब्दांनी थांबून बोलत, म्हणून त्यांना सगळे स्वल्पविराम म्हणत. ज्याला स्वतःला टोपणनाव चिकटलेलं असतं तोच दुसऱ्यांना चिकटवत सुटतो, असं तपासनिसांचं मत होतं. पण मत म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून एकतीस वर्षं ते गप्प होते.

घरीही वेगळं नव्हतं. दूध आलं की ते आधी वास घेत, मग एक थेंब नखावर घेऊन उजेडात धरत, आणि दूध चांगलं निघालं की त्यांचा संशय वाढे. आजच चांगलं का दिलं? मेव्हणा सहज म्हणून भेटायला आला, तर तो जाईपर्यंत ते त्या 'सहज'चा अर्थ लावत बसत. त्यांची बायको एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती म्हणायची, "आमच्याकडे माणसाचं रक्त एकदा तपासतात आणि कागद हातात देतात. तुमच्याकडे कागदाचंही रक्त काढतात."

हे खरंच त्यांचं काम होतं. कोशात शब्द असाच जात नाही. तो कोणी, कुठे, कधी वापरला ते एका जाड कागदाच्या चिठ्ठीवर उतरवायचं: वर शब्द, मध्ये वाक्य, खाली कुठून घेतलं ते आणि तारीख. ही पहिली नजर. मग दुसऱ्या माणसानं मूळ पुस्तक, पत्र किंवा वर्तमानपत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईचा ठिपका द्यायचा. ही दुसरी नजर. ठिपका म्हणजे 'मी मूळ पाहिलं'. त्याच्याशेजारी सही नसे, पण प्रत्येकाच्या ठिपक्याची ठेवण वेगळी. तपासनिसांचा ठिपका गोल सुरू होऊन खाली किंचित घसरे, टाक उचलतानाही खात्री नसल्यासारखा. असे चाळीसएक हजार ठिपके त्या कार्यालयातल्या लाकडी खणांत पडून होते. मूलबाळ नव्हतं. मागे काय राहणार, असा प्रश्न कधी मनात आलाच तर ते खणांकडे बघत.

एके दिवशी कार्यालयातून निघताना त्यांच्या ताईचा निरोप आला: लगेच ये.

ताई त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं, पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. लग्न होऊन ती रंगाऱ्यांच्या गल्लीत गेली आणि नवरा गेल्यावरही तिथेच राहिली. गल्लीत आता एकही रंगारी उरला नव्हता. सतरा घरं होती, मधोमध कपडे धुवायचा जुना दगडी हौद होता. ताईच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत काजं करायचं यंत्र. शहरातल्या निम्म्या शिंप्यांचे सदरे तिच्याकडे काज-बटणाला येत.

"वाच," ताईनं दारातच एक कागद पुढे केला.

"कोणी आणून दिला?"

"वाच म्हटलं ना. कोणी आणला, कुठला पाय आधी टाकून आला, ते नंतर."

ती नगरपालिकेची नोटीस होती. तपासनीस उभ्याउभ्याच वाचू लागले. "'...देशभक्ती या शब्दाचा सर्वांत प्राचीन लेखी उल्लेख सदर गल्लीतील एका रंगाऱ्याने लिहिलेल्या पत्रात असल्याचे सिद्ध असून, त्या स्मृतीस्तव या जागी भव्य शब्दस्मारक, कारंजे, वाहनतळ व बत्तीस व्यापारी गाळे उभारण्याचे ठरले आहे. सबब सर्व रहिवाशांनी...'" ते थांबले. "बत्तीस गाळे."

"तुला गाळे दिसले. मला 'सबब' दिसलं. घर सोडा म्हणतायत."

"सिद्ध असून म्हणे. सिद्ध कोणी केलं?"

"खाली बारीक अक्षरात आहे बघ. माझ्या डोळ्यांना दिसलं नाही, पलीकडच्या शिकवणीवाल्या बाईंनी वाचून दाखवलं."

खाली त्यांच्याच कोशाचं नाव होतं. खंड पाचवा, दुसरी आवृत्ती, पानाचा आकडा.

"तुझंच पुस्तक ना रे ते?" ताईनं विचारलं.

"माझं नाही. कार्यालयाचं."

"अस्सं. शाबासकी मिळाली की तुझं, आणि माझं घर पडलं की कार्यालयाचं." ती पुन्हा यंत्रावर बसली. "हरकत असेल तर महिन्याच्या आत सांगा म्हणतात. आता मला काजं येतात, हरकत येत नाही. ते तुझं खातं."

तपासनीस घरी गेले नाहीत. ते कार्यालयात परतले, पहारेकऱ्याला विसरलेल्या छत्रीचं कारण सांगितलं (आकाश निरभ्र होतं, आणि पहारेकऱ्याच्या नजरेतला संशय त्यांना मनापासून आवडला), आणि 'द'चा खण उघडला.

'देशभक्ती' या शब्दावर त्यांची पहिल्यापासून मर्जी नव्हती. शब्दाचा दोष नव्हता. घराणं चांगलं होतं. 'देश'च्या मुळाशी दाखवण्याचा धातू; दिशा ही त्याची सख्खी बहीण. बोट करून दाखवता येतो तो देश, म्हणजे एके काळी बोट पुरेल एवढाच. 'भक्ती'च्या मुळाशी वाटण्याचा, वाटा घेण्याचा धातू. भाग, विभाग ही त्याच घरातली भावंडं. भक्त म्हणजे आधी वाटेकरी, हात जोडणं मागाहून आलं. दोन्ही घराणी पुरातन, पण सोयरीक फार उशिरा जमली, छापखान्यांचा सुळसुळाट झाल्यावर. दुसऱ्या काही भाषांनी याच भावनेला बापाचं नातं लावलं होतं, आणि त्यातल्या एकीत तर काही काळ हा शब्द चक्क टोमणा म्हणून चालत असे. ती टीप तपासनिसांनी चवीनं वाचली होती. त्यांचा अनुभव असा, की हा शब्द ज्याच्या तोंडात असेल त्याचा हात त्या वेळी कुठे आहे ते आधी बघावं.

खणात या शब्दाच्या साठ चिठ्ठ्या होत्या. काळानुसार लावलेल्या. मागून दुसरी चिठ्ठी एका बटणाच्या कारखान्याच्या जाहिरातीची होती: देशभक्ती दाखवा, आमचीच बटणे लावा. आणि सगळ्यांत मागे, तिच्याही आधी सत्तर वर्षांची तारीख घेऊन, रंगाऱ्याची चिठ्ठी होती.

*देशभक्ती म्हणतात ती काय असते, हे मजला ठाऊक नाही. परंतु आमचे गल्लीतील हौदाचे पाणी कोणी गढूळ केल्यास मजला रात्री झोप येत नाही.*

खाली लिहिलं होतं: एका रंगाऱ्याचं भावाला पत्र, रंगाऱ्यांची गल्ली, खाजगी संग्रह. अक्षर थोरल्यांचं. थोरले म्हणजे कोशाचे पहिले मुख्य संपादक, ज्यांच्या हाताखाली तपासनीस घडले. त्यांना जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

हे वाक्य आता शाळेच्या पुस्तकात होतं. भाषणांत होतं. दहा वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी ते दगडात कोरून बसवलं, तेव्हा तपासनीस तिसऱ्या रांगेत हजर होते आणि दगड अस्सल आहे की वरून मुलामा दिलाय एवढीच शंका घेऊन घरी गेले होते. आता प्रथमच त्यांनी ते वाक्य शंकेनं वाचलं. इतकं नेटकं? भावाला लिहिताना माणूस तब्येत विचारतो, उसनी नेलेली वस्तू मागतो. आणि सगळे जण झोपेत असताना हा एकटाच शब्द घडवून, वर तो मला ठाऊक नाही म्हणतो?

मग त्यांची नजर उजव्या कोपऱ्यात गेली. तिथे लाल ठिपका होता. गोल, आणि खाली किंचित घसरलेला.

तपासनीस स्टुलावर बसले.

त्यांना ते पत्र पाहिल्याचं आठवेना. आठवेना म्हणजे पाहिलं नव्हतं. ज्या माणसाला तेवीस वर्षांपूर्वीच्या एका पंचांच्या दाखल्यावरचा चहाचा डाग आठवतो, त्याला हे आठवलं असतं. आणि हळूहळू त्यांना भलतंच आठवू लागलं: दुसऱ्या आवृत्तीची घाई, छापखान्याचा तगादा, शेवटच्या आठवड्यात हातावेगळ्या करायच्या चिठ्ठ्यांचे ढीग. या चिठ्ठीला ठिपका नव्हता. पण टेबलावर पाच पुस्तकं उघडी होती, दोन छोटे कोश, एक विश्वकोश, एक निबंधसंग्रह, एक शालेय पुस्तक, आणि पाचही जण रंगाऱ्याचं हेच वाक्य, हीच तारीख सांगत होते. पाच साक्षीदार. शिवाय अक्षर थोरल्यांचं. त्यांनी टाक बुडवला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पाचही पुस्तकं काढली. शालेय पुस्तकानं निबंधसंग्रहाचा हवाला दिला होता. निबंधसंग्रहानं विश्वकोशाचा. विश्वकोशानं छोट्या कोशाचा, त्यानं दुसऱ्या छोट्या कोशाचा, आणि त्या दुसऱ्यानं तळटीप टाकली होती: पाहा, शब्दकोश कार्यालयाचा कोश, खंड पाचवा, पहिली आवृत्ती. म्हणजे पाच साक्षीदार नव्हतेच. एकाच माणसाचं बोलणं पाच जणांनी एकमेकांच्या कानात सांगितलं होतं, आणि शेवटी ते ज्या कार्यालयातून निघालं त्याच कार्यालयातल्या माणसाच्या कानाशी आलं होतं. त्यानं मान डोलावली होती. ती मान तपासनिसांची होती.

पण मग थोरल्यांनी हे लिहिलं तरी का?

या प्रश्नाचं उत्तर कार्यालयातल्या जुन्या माणसालाच सुचू शकत होतं, आणि ते तपासनिसांना सुचलं. कोश करणाऱ्यांना चोरांचा त्रास असतो. वीस वर्षं खपून केलेला कोश कोणी तरी सहा महिन्यांत उतरवून घेतो आणि नवा पुठ्ठा लावून विकतो. म्हणून थोरल्यांनी एक पद्धत पाडली होती: प्रत्येक खंडात एक नोंद मुद्दाम बनावट ठेवायची. तिला कार्यालयात 'पाहुणा' म्हणत. दुसऱ्याच्या कोशात आपला पाहुणा जेवताना दिसला, की चोरी पकडली. पाहुणा कुठल्या शब्दावर बसवलाय हे फक्त मुख्य संपादकाला ठाऊक असे. आणि चोर किरकोळ शब्द गाळतो, मोठे शब्द उचलतो, असं थोरले नेहमी म्हणत.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"अहो, एक विचारू? दुधावर शंका. माझ्या भावावर शंका. परवा डॉक्टरांनी तुमचा रक्तदाब चांगला सांगितला तर त्यांच्या यंत्रावर शंका. आणि तो एक ठिपका तेवढा बिनशंकेचा?"

"थोरल्यांचं अक्षर होतं."

"मग आता काय करणार?"

"सांगावं लागेल. पण कशाच्या आधारावर? पत्र खोटं आहे याचा पुरावा नाही. नसलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणू?"

"ते पत्र कोणी पाहिलं म्हणून कागदावर आहे?"

"मी."

"आणि पाहिलं का?"

"नाही."

"झालं तर मग," ती म्हणाली. "नमुना तुमच्याच दंडात आहे."

मुख्य संपादक आता एक बाई होत्या. हुशार, मोजकं बोलणाऱ्या. चिठ्ठी बघून त्यांनी ती उताणी, पालथी केली. तपासनिसांचं बोलणं पुरं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तुमच्या बहिणीचं घर त्याच गल्लीत आहे ना?"

"आहे."

"मग ही मी शंका समजू की अर्ज?"

तपासनिसांना हा प्रश्न आवडला. त्यांनी स्वतःही आदल्या रात्री स्वतःला तोच विचारला होता आणि उत्तर समाधानकारक मिळालं नव्हतं. "दोन्ही असेल, बाई. बहिणीचं घर नसतं तर मी हा खण उघडलाच नसता. पण उघडल्यावर जे दिसलं ते बहिणीनं ठेवलेलं नाही."

बाईंनी कपाटातून थोरल्यांची पाहुण्यांची वही काढली. पहिल्या चार खंडांचे पाहुणे नाव-पानासकट लिहिलेले होते. पाचव्या खंडापुढे एवढंच होतं: *आहे. ऐसपैस बसला आहे.*

"यावरून काही ठरत नाही," बाई म्हणाल्या.

"नाही ठरत."

"मग राहतो तुमचा ठिपका. तुम्ही सुनावणीत सांगणार, की मी न पाहता ठिपका दिला. बरोबर? मग पुढचा माणूस मला विचारणार, की यांचे बाकीचे ठिपके कशावरून खरे. मला उत्तर द्यावं लागेल. चाळीस हजार आहेत ते." त्या थोडं थांबल्या. "तुमच्या निवृत्तीला चौदा महिने उरलेत. कोशात ही नोंद मी पुढच्या आवृत्तीत हळूच गाळीन. कोणाला कळणारही नाही."

"पुढची आवृत्ती केव्हा?"

"आठ-नऊ वर्षं."

"गल्ली महिन्यात पडतेय."

बाईंनी चिठ्ठी परत दिली नाही. पाकिटात घातली आणि पाकिटावर त्या दिवसाची तारीख घातली. कार्यालयात कोणाचा राग आला की बोलायचं नाही, नोंद करायची, हीच रीत होती.

सुनावणी नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर, पंखे जास्त आणि वारा कमी अशा खोलीत झाली. सुनावणी अधिकारी जाड चष्म्याचे. एका बाजूला स्मारक समितीचे अध्यक्ष, दगडाचे व्यापारी, चार माणसं घेऊन बसले होते. दुसऱ्या बाजूला गल्लीतले लोक. ताई हातातला सदरा घेऊनच आली होती. तिला रिकामं बसता येत नसे. स्वल्पविरामही मागच्या बाकावर येऊन बसले होते. तपासनिसांना तेवढ्यातही वाटलं, हे कोणाच्या वतीनं आले?

गल्लीतल्या शिकवणीवाल्या बाईंनी हौदाचं, लहान मुलांचं, म्हाताऱ्यांचं सांगितलं. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. अध्यक्ष म्हणाले, "रडारड प्रत्येक कामात होते हो. पण ज्या मातीत हा पवित्र शब्द जन्मला..."

"त्याच शब्दाबद्दल बोलायचंय," तपासनीस उठून म्हणाले.

त्यांनी चिठ्ठीची पद्धत सांगितली. पहिली नजर, दुसरी नजर. पाच पुस्तकं. मग ते म्हणाले, "कोशातल्या या नोंदीवरचा ठिपका माझा आहे. मी मूळ पत्र पाहिलेलं नाही. माझ्या माहितीत कोणीच पाहिलेलं नाही."

अधिकाऱ्यांनी लिहिणं थांबवून मान वर केली.

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो."

"नजरचूक झाली असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नजर लावलीच नव्हती. तेव्हा नजरचूक कशी म्हणू?"

अध्यक्ष तोवर सावरले होते. "साहेब, यांची सख्खी बहीण त्या गल्लीत राहते! ती काय बसलीय सदरा घेऊन. आणि हा माणूस आज इथे उभा राहून देशभक्तीच्या मुळावर उठलाय!"

"मूळच तर मागतोय," तपासनीस म्हणाले. मागे कोणी तरी हसलं.

"तेव्हा खोटं बोललात हे तुम्हीच सांगता," अध्यक्ष बोट रोखून म्हणाले. "मग आज खरं बोलताय कशावरून? का धरावा तुमच्यावर विश्वास?"

तपासनिसांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत इतका रास्त प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

"धरू नका," ते म्हणाले. "माझ्यावर अजिबात धरू नका. तेव्हाही नाही, आजही नाही. मला वगळा. मग सिद्ध करायला तुमच्याकडे काय उरतं? एक पत्र. ते दाखवा. ते टेबलावर आलं की मी तुमच्या स्मारकाला पहिलं घमेलं उचलायला येतो."

अध्यक्षांनी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्यानं फायलीत पाहिलं. फायलीत शालेय पुस्तकाचं पान होतं.

"पत्र असणारच," अध्यक्ष म्हणाले. "शाळेच्या पुस्तकात आहे म्हणजे काय! लहानपणापासून... म्हणजे माझ्या नातवानं पाठ केलंय ते!"

सुनावणी अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. अधिकारी माणूस कोणाची बाजू घेत नाही, तो कागदाची घेतो, आणि इथे कागदच नव्हता. त्यांनी निकाल सांगितला: मूळ पत्र सादर होईपर्यंत कामास स्थगिती. समितीनं पत्राचा शोध घ्यावा. शोधास मुदत नाही.

अध्यक्षांनी त्याच जागी पत्रशोध उपसमिती जाहीर केली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात; पण जे पत्र लिहिलंच गेलेलं नाही ते शोधणाऱ्या समितीचं आयुष्य किती, याचा अंदाज खोलीतल्या सगळ्यांत जुन्या कारकुनालाच आला. तो खिडकीबाहेर बघत होता.

जिन्यात ताईनं त्यांना गाठलं. धन्यवाद वगैरे ती म्हणाली नाही. तसं काही ती म्हणाली असती तर त्यांना काळजी वाटली असती.

"ते रंगाऱ्याचं वाक्य मग खोटं?"

"बहुतेक."

"वाईट वाटलं रे. चांगलं होतं वाक्य. मला खरंच झोप येत नसे, हौदात कोणी घाण केली की. मला वाटायचं, आपल्यासारखा कोणी तरी होता." तिनं सदऱ्याची घडी केली. "तुला आता त्रास देतील ना?"

"देतील. द्यायलाच हवा."

"मेल्या, जरा तरी स्वतःच्या बाजूनं बोल की."

आठवड्याभरात बाईंनी लेखी आदेश काढला. तपासनिसांची लाल शाई जमा करून घेतली. त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. आलेल्या कागदाला क्रमांक द्यायचा, गेलेल्याला तारीख. त्यांचे सगळे ठिपके पुन्हा तपासायचं ठरलं. हा आदेश क्रूर आहे असं कार्यालयात सगळे कुजबुजले. त्याचा मसुदा तपासनिसांनी स्वतः लिहून दिला होता हे फक्त बाईंना ठाऊक होतं. त्यांनी त्यातला एकच शब्द बदलला होता. 'संशयास्पद'च्या जागी 'अनिर्णित' घातला होता. तपासनिसांना ते मवाळ वाटलं.

देशभक्तीच्या खणात आता सगळ्यांत मागे बटणाच्या कारखान्याची जाहिरात आली होती. तिच्यावर जुना, विटलेला लाल ठिपका होता, दुसऱ्या कोणाचा तरी, आणि मूळ वर्तमानपत्र तळघरात होतं. ताईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "बटणं? मग स्मारक माझ्याच घरात करा म्हणावं."

ठिपके तपासायचं काम स्वल्पविरामांकडे आलं. हे ठरवून झालं असणार अशी तपासनिसांची खात्री होती. एकतीस वर्षांचा हिशेब आता निघणार. रोज सकाळी स्वल्पविराम एक खण घेऊन तळघरात उतरत, मुळं काढत, आणि संध्याकाळी बाहीवर धूळ घेऊन वर येत. तपासनीस आवक-जावकच्या वहीवरून त्यांच्याकडे बघत. पहिल्या महिन्यात अठराशे ठिपके पाहून झाले. सगळे बरोबर. तपासनिसांना त्यातही काळंबेरं दिसलं. अठराशेमध्ये एकही नाही? हा माणूस खाली बसून डुलक्या तर काढत नाही?

एकदा ते सरळ मागोमाग तळघरात उतरले. स्वल्पविराम दिव्याखाली वाकून एक फाटकी जमाखर्चाची वही एकेक पान उलटत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. तपासनीस पाय न वाजवता परत आले, आणि ज्या माणसावर इतकी वर्षं नेमानं संशय घेतला तो माणूस आपलं काम नीट करतो, हे त्यांना फार अवघड गेलं.

सातव्या आठवड्यात एका दुपारी स्वल्पविराम टेबलाशी येऊन उभे राहिले. कार्यालयात बाकी कोणी नव्हतं, सगळे चहाला गेले होते. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. शब्द साधाच होता, 'दावण'. जनावरं बांधायची दोरी. कोणाच्या भाषणात न येणारा, कोणाचं घर न पाडणारा.

"हे बघा," स्वल्पविराम खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे, मी सगळीकडे, शोधलं. ज्या पुस्तकाचं, पान लिहिलंय, त्यात त्या पानावर, हा शब्द नाही. पुढेमागेही नाही. ठिपका तुमचा, आहे."

तपासनिसांनी चिठ्ठी हातात घेतली. गोल, खाली घसरलेला. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. रंगाऱ्याच्या ठिपक्याची दुपार त्यांना आठवली होती, टेबलावरची पाच पुस्तकं आठवली होती. इथे काहीच आठवेना. ना पुस्तक, ना दिवस, ना घाई.

"आवृत्तीचा घोळ, असेल," स्वल्पविराम म्हणाले. "कोण बघतंय, दावण. तुम्ही म्हणत असाल, तर मी, पुढे सरकतो. एवढ्या सगळ्यांत, एक..." ते थांबले, आणि या वेळी ते नेहमीचं थांबणं नव्हतं. "खरंच. मी कोणाला, बोलणार नाही."

तपासनिसांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. या माणसाला आपल्याकडून काय हवं असेल, याचा त्यांनी सवयीनं शोध घेतला. काही सापडलं नाही. मग त्यांनी आवकची वही पुढे ओढली, नवी ओळ धरली आणि टाक शाईत बुडवला. या टेबलावर शाई निळी मिळे.

"दावण," ते लिहिता लिहिता म्हणाले. "मूळ सापडत नाही. कोणी कळवलं म्हणून लिहू?"

"लिहा, माझं," स्वल्पविराम म्हणाले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.